जिला ही जागा फार आवडायची

"फडकं तू काढ," नॉर्मन एकरॉइड म्हणाला.

"डॅड, नवरा तुम्ही. फडकं तुम्हीच काढायचं," जिलियन म्हणाली. "मी फोटो काढते."

सकाळपासून बापलेकीची ही हुज्जत चालली होती. गेस्ट हाउसच्या नाश्त्याच्या टेबलावर झाली, गाडीत झाली, आणि आता फाइली या समुद्रकाठच्या गावातल्या कड्यावर, समुद्राकडे तोंड करून बसवलेल्या कोऱ्या लाकडी बाकासमोर उभं राहूनही संपत नव्हती. बाकाच्या पाठीवर जिलियननं घरून आणलेलं बशा पुसायचं फडकं चिकटपट्टीनं लावलं होतं. निकाल शेवटी वाऱ्यानंच लावला. चिकटपट्टी सुटली, फडकं उडालं ते कुंपणावरून थेट कड्याखाली गेलं, आणि पितळेची पट्टी कुणी न उघडताच उघडी पडली.

एनिड एकरॉइड हिच्या स्मरणार्थ. जिला ही जागा फार आवडायची.

जिलियननं फोटो काढला. आईला जाऊन दोन वर्षं होत आली होती, आणि त्यातला बहुतेक काळ या बाकाची वाट बघण्यातच गेला होता. फाइलीच्या कड्यावर आपल्या माणसाच्या नावाचा बाक असावा असं अर्ध्या यॉर्कशायरला वाटतं, त्यामुळं नगरपालिकेच्या दारात लवकर नंबर लागत नाही. एका टोकापासून चालत निघालं तर बाकांमागून बाक लागतात आणि पट्ट्यांवर सगळीकडे तेच. कुणाला ही जागा प्रिय होती, कुणाचं मन इथं रमायचं. मजकूर काय लिहायचा हा प्रश्न म्हणूनच नॉर्मनला पडलाही नव्हता. एनिड चाळीस वर्षं दर ऑगस्टला इथं आली. आवडल्याशिवाय कुणी येतं का?

त्यांच्याबरोबर तिसरी होती मार्जरी फर्थ. रॉदरहॅमची, तोंडानं फटकळ, मनानं लोणी. तीही नवऱ्याबरोबर, स्टॅन्लीबरोबर, वर्षानुवर्षं त्याच आठवड्यात त्याच गेस्ट हाउसला उतरायची आणि शेजारच्या टेबलावर बसायची. एनिडची नि तिची वर्षातून एकच आठवडा गाठ पडायची, पण त्या एका आठवड्यात दोघी वर्षभराचं बोलून घ्यायच्या. स्टॅन्ली आधीच गेला होता. यंदा ती बाकासाठी म्हणून गुडघा दुखत असतानाही बसनं आली होती.

मार्जरीनं पिशवीतून चष्मा काढला, वाकून पट्टी वाचली, आणि फस्सकन हसली.

हसू तिनं लगेच खोकल्यात बुडवलं. छातीवर हात ठेवला, "वारा गेला घशात," म्हणाली, आणि बाकाच्या लाकडावरून हात फिरवत लाकडाचं कौतुक करायला लागली. जिलियनचं लक्ष नव्हतं. नॉर्मनचं होतं. त्याचा सगळा जन्म बस डेपोत मेकॅनिक म्हणून गेला होता, आणि इंजिनातला खोटा आवाज त्याला रस्त्याच्या पलीकडून ओळखू यायचा. माणसांतला ओळखायला त्याला वेळ लागायचा, पण हा आवाज खोटा होता एवढं त्याला कळलं.

आता खरं सांगायचं तर नॉर्मनला स्वतःला समुद्र आवडत नव्हता. कधीच नाही. बुटातली वाळू त्याला सोसायची नाही. वाळूवर घडीच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून नुसतं बसायचं म्हणजे त्याला शिक्षा वाटायची. लग्न झालं त्या ऑगस्टला डेपोची सुट्टी पडली तेव्हा मावशीच्या सांगण्यावरून दोघं इथं आली. पहिल्या संध्याकाळी याच कड्यावर, असल्याच वाऱ्यात त्यानं बायकोला विचारलं, "छान आहे ना?" एनिडनं डोक्याचा रुमाल घट्ट बांधला आणि म्हणाली, "फारच छान." तिचा चेहरा लाल झाला होता. नॉर्मनला वाटलं, आनंदानं. संपलं. आपल्याला आवडत नाही हे त्यानं गिळून टाकलं आणि पुन्हा वर येऊ दिलं नाही.

तरी एक संधी होती. निघायच्या सकाळी बॅगा घेऊन दोघं दारातल्या बोळात उभी होती, आणि गेस्ट हाउसच्या थोरल्या मिसेस ब्रेथवेट हात पुसत बाहेर आल्या. "तर मग, पुढच्या वर्षी हाच आठवडा, हीच खोली?"

नॉर्मननं एनिडकडे बघितलं. एनिडनं नॉर्मनकडे बघितलं. दोघं एकदमच म्हणाली, "हो हो, छानच होईल."

जिनं आठवडाभर आपल्याला अंडी तळून वाढली तिला तोंडावर नाही कसं म्हणायचं? आपल्यात कुणाला ते जमलंय? त्यापेक्षा माणूस आणखी एक वर्ष समुद्र सोसतो. आणि दुसऱ्या वर्षी परत तोच बोळ, त्याच बॅगा, तोच प्रश्न. मग जिलियन झाली, मोठी झाली, थोरल्या मिसेस ब्रेथवेट गेल्या, त्यांच्या सुनेनं, जॅनिसनं, कारभार घेतला, आणि प्रश्न सासूकडून सुनेकडे आला. उत्तर बदललं नाही. डेपोत चहाच्या वेळेला पोरं विचारायची, यंदा कुठं? कुणी टॉर्कीला चाललेला असायचा, कुणी वेल्समध्ये लँडुडनोला, कुणी विंडरमिअरच्या तळ्यावर. नॉर्मन म्हणायचा, फाइली. "ह्याला फाइलीचा महापौर करा रे," असं म्हणून सगळे त्याला पिडायचे. नॉर्मन खांदे उडवायचा. "एनिडला आवडतं," म्हणायचा.

त्या आठवड्यात त्याचा जीव रमायचा तो एकाच ठिकाणी, गेस्ट हाउसच्या न्हाणीघरात. तिथला एखादा नळ दरवर्षी गळायचाच. मिसेस ब्रेथवेट म्हणायच्या, "अहो, तुम्ही सुट्टीवर आलात, राहू दे." नॉर्मन म्हणायचा, "पाच मिनिटांचं काम आहे," आणि अख्खी दुपार लावायचा.

फडकं गेलं त्यामागोमाग पाऊस आला. तिघं पळत, म्हणजे जिलियन पळत आणि बाकीची दोघं जमेल तशी, गाडीत येऊन बसली. नॉर्मननं गाडी कड्याच्या कडेला समुद्राकडे तोंड करून लावली होती, जशी नेहमी लावायचा. काचेवर पाऊस, काचेमागं करडं पाणी, मांडीवर फ्लास्क. फाइलीतला निम्मा वेळ एकरॉइड घराण्यानं असाच काढला होता.

"मी चिप्स आणते," जिलियन म्हणाली. "व्हिनेगर सगळ्यांना चालेल ना?" आणि टोपी ओढून पावसात गेली.

दार बंद झालं. नॉर्मननं चहा ओतला, मार्जरीला दिला, स्वतःला घेतला.

"मार्जरी, मघाशी हसलीस का?"

"हसले कुठं? खोकले मी."

"तुझा खोकला मला माहीत आहे. इतके ऑगस्ट शेजारच्या टेबलावरून ऐकलाय."

"चहा गार होतोय तुझा."

"मार्जरी."

मार्जरी काचेतून बाहेर बघत राहिली. "सोड ना, नॉर्मन. बाक सुरेख झालाय. लाकूड चांगलं आहे, जागा चांगली मिळालीय. पोरीनं एवढं केलंय."

"पट्टीत काही चुकलंय का? नाव बरोबर आहे ना?"

"नाव बरोबर आहे."

"मग?"

"तिनं मला शपथ घातली होती रे."

"ती गेली, मार्जरी."

"म्हणून शपथ सुटते होय?" मार्जरी एकदम तडकली, मग तिचा आवाज खाली आला. कप तिनं दोन्ही हातांत धरला. "तिला समुद्र सोसायचा नाही, नॉर्मन. पहिल्यापासून. हा वारा तिच्या कानात शिरायचा, आणि कान असा ठणकायचा की दुपारी माझ्या खोलीत येऊन उशीत डोकं खुपसून पडायची. तू खाली नळ दुरुस्त करत असायचास तेव्हा. तो डोक्याचा रुमाल तुला काय हौस वाटली? कानात कापूस आणि वर रुमाल, असं करून ती तुझ्याबरोबर वाळूवर बसायची."

एनिड गेल्यावर तिचे कोट धर्मादाय संस्थेला द्यायला म्हणून नॉर्मननं खिसे रिकामे केले होते, आणि प्रत्येक कोटाच्या खिशात कापसाचा बोळा निघाला होता. पावसाळी कोटात, चांगल्या निळ्या कोटात, अगदी जुन्या तपकिरी कोटातसुद्धा. बायकांचं काहीतरी असेल म्हणून त्यानं ते टाकून दिले होते.

"मग बोलली का नाही?" त्यानं शेवटी विचारलं.

"का म्हणजे? तुझ्यासाठी. मी सांगितलं तिला, अगं, तोंड उघड, नवराच आहे, वाघ नाही. तर म्हणायची, नॉर्मन वर्षभर बसखाली उताणा पडून ग्रीस खातो आणि या एका आठवड्याची वाट बघतो, त्याच्यावर मी पाणी कसं ओतू? त्याला हे कधी कळू देऊ नकोस म्हणाली. म्हणून त्या पट्टीवर ते वाचलं आणि मला हसू आलं. वाईट झालं. पण आलं."

"मी वाट बघतो असं कधी म्हणालो?"

"दरवर्षी विचारायचास ना तिला, छान आहे ना, छान आहे ना. ज्याला आवडत नाही तो कशाला असं विचारेल?"

नॉर्मननं कप खाली ठेवला.

"मला कधीच आवडला नाही," तो म्हणाला.

"काय?"

"समुद्र. एक दिवससुद्धा नाही. मी तिच्यासाठी येत होतो."

मार्जरी त्याच्याकडे बघतच राहिली. थट्टा करतोय का हे तिनं आधी पाहिलं. नॉर्मन थट्टा करणारा माणूस नव्हता. तिनं कप गाडीच्या फळीवर ठेवला आणि हातरुमाल शोधायला लागली.

"अरे देवा," ती हळूच म्हणाली. "दोघंही खुळे. दोघंही."

पाऊस वाढला. नॉर्मनला पुढचा प्रश्न विचारायची भीती वाटत होती, आणि न विचारता घरी जायची त्याहून जास्त.

"मग तिला कुठं जायचं असायचं?"

"कालव्यावर."

"कुठल्या?"

"कुठल्या म्हणजे काय, तुमच्या घरामागच्या. त्या लांबट बोटी असतात ना, घरासारख्या, आत शेगडी न् पलंग असलेल्या. तसली एक घ्यायची आठवडाभर. बिंगलीहून निघायचं, स्किप्टनला जाऊन चहा प्यायचा, परत यायचं. वारा नाही, लाटा नाही, चालत्या माणसापेक्षा हळू. टपावर जिरेनियमच्या कुंड्या ठेवणार होती. सगळं ठरवून ठेवलं होतं तिनं. सुकाणू मी धरीन म्हणायची, आणि इंजिन नॉर्मन बघेल."

"इंजिन," नॉर्मन म्हणाला.

बिंगलीत कालवा पायऱ्यापायऱ्यांनी डोंगर चढतो. दरवाजे उघडतात, पाणी भरतं, बोट वर येते, पुढचा दरवाजा उघडतो. रविवारी चर्चहून येताना एनिड त्या पुलावर थांबायची. कठड्याला टेकून बोटी वर चढताना बघत राहायची. नॉर्मन विचारायचा, "पाय दुखले का?" ती म्हणायची, "नाही रे, जरा थांबते." मग तो घड्याळ बघत शेजारी उभा राहायचा, कारण घरी ओव्हनमध्ये मांस भाजत ठेवलेलं असायचं. एवढे रविवार गेले आणि ती काय बघतेय हे त्यानं एकदाही विचारलं नाही. त्या बोटींच्या इंजिनाचा आवाज त्याला आवडायचा. ठक ठक ठक, संथ, जुन्या बांधणीचा. हेही त्यानं कधी सांगितलं नाही.

"इंजिन मी बघितलं असतं," तो म्हणाला. नॉर्मन एकरॉइड बायकोच्या अंत्यविधीला रडला नव्हता, लोकांना चहा-सँडविच पोचतायत ना हे बघण्यात त्याचा तो दिवस गेला होता. आता तो गाडीचं स्टिअरिंग धरून रडला, आणि त्याला फार वाईट वाटत होतं, एनिडसाठी आणि स्वतःसाठीही. मार्जरीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि एकही शब्द बोलली नाही, जे तिच्या हातून आयुष्यात क्वचित झालं असेल.

जिलियननं दार उघडलं ते चिप्सचं गरम पुडकं छातीशी धरून. "केवढी रांग होती," असं म्हणेपर्यंत तिला वडलांचा चेहरा दिसला. "काय झालं? डॅड? मार्जरी, काय झालं?"

"तुझा बाप सांगेल," मार्जरी म्हणाली.

नॉर्मननं सांगितलं. तुटक तुटक, खाली बघत, पण सगळं सांगितलं, कापसापासून कालव्यापर्यंत. जिलियन मागच्या सीटवर बसून ऐकत होती. पुडकं तिच्या मांडीवर तसंच राहिलं, कुणी उघडलं नाही, आणि गाडीभर व्हिनेगरचा वास झाला.

"म्हणजे सगळं खोटं होतं?" ती म्हणाली.

"खोटं असं नाही."

"मग कसं? मला आवडायचं, डॅड. मला खरंच आवडायचं. मी वर्षभर दिवस मोजायचे. ओहोटी लागली की आई आणि मी खडकांवर जायचो, डबक्यातले खेकडे धरायचो. ती हसायची. एवढी हसायची की तोल जायचा. माझ्याकडे आईचं सगळ्यात चांगलं जे काही आहे ते या इथलं आहे. आणि तुम्ही दोघं इथं बसून सांगताय की ती कान धरून सोसत होती?"

मार्जरीनं मान खाली घातली. नॉर्मनला जे सुचलं ते त्यानं केलं. समोरचा खण उघडला आणि स्क्रूड्रायव्हर बाहेर काढला.

"ती पट्टी तिथं नको," तो म्हणाला. "खोटं आहे ते. आयुष्यभर तिला माझ्यासाठी खोटं बोलावं लागलं. मेल्यावरही पितळेत तेच?"

"हात लावायचा नाही," जिलियन म्हणाली. तिचा आवाज शांत होता, आणि म्हणूनच नॉर्मन थांबला. "माझी आई आहे त्या पट्टीवर. तुमची बायको तुम्हाला आत्ता कळली असेल. माझी आई मला आधीपासून माहीत होती."

स्क्रूड्रायव्हर परत खणात गेला. त्या दिवशी बापलेक फारसं बोलली नाहीत. जेवणाच्या टेबलावर मीठ द्या, मीठ घ्या, एवढंच. मार्जरी दोघांच्या मध्ये बसून हवामानाबद्दल बोलत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. बॅगा बोळात आल्या. जॅनिस स्वयंपाकघरातून हात पुसत आली, अगदी सासूसारखीच, आणि हसून म्हणाली, "तर मग मिस्टर एकरॉइड, पुढच्या वर्षी हाच आठवडा, हीच खोली?"

नॉर्मनच्या ओठांवर 'छानच' आलं होतं. इतक्या वर्षांची सवय, विचार करायच्या आधीच जीभ तिकडं वळायची. त्यानं शेजारी बघितलं. तिथं एनिड उभी राहायची, बॅगेच्या डाव्या बाजूला, रुमालाची गाठ नीट करत, आणि त्याच्याकडे बघत. ती का बघायची हे त्याला आता कळलं. तो नाही म्हणतोय का, हे ती बघत असायची.

"नको," नॉर्मन म्हणाला.

जॅनिसला ऐकूच आलं नाही बहुतेक. "आं?"

"नको, जॅनिस. खोली छान होती. अंडी छान होती. तुझी सासू फार चांगली बाई होती. पण मला समुद्र आवडत नाही." त्याचे कान तापले होते, भर बाजारात कपडे उतरवल्यासारखं वाटत होतं, पण तो बोलत राहिला. "कधीच आवडला नाही. राग मानू नकोस."

"राग कसला," जॅनिस म्हणाली. "पण तुम्ही तर... आम्ही नव्या पाहुण्यांना तुमचं उदाहरण देतो हो."

"हो. तेवढं आता बंद कर."

जिलियन बॅगेचा पट्टा ओढत होती. तिनं वर बघितलं नाही, पण ओढायची थांबली.

मार्जरीला बसवर सोडलं. खिडकीतून तिनं हात हलवला आणि ओठांनीच म्हणाली, फोन कर. जिलियन गाडी चालवत होती. यॉर्क मागं पडल्यावर तिनं विचारलं, "खेकडे धरताना हसायची ते? तेही माझ्यासाठी नाटक?"

नॉर्मननं या वेळेला घाई केली नाही. एखादा आवाज नक्की कुठून येतोय हे ऐकावं तसं त्यानं ते आठवून बघितलं.

"नाही," तो म्हणाला. "मी वर खुर्चीत बसलेलो असायचो ना, मला दिसायचं. तू डबक्यात बघायचीस. ती डबक्यात बघायचीच नाही. ती तुझ्या तोंडाकडे बघायची, आणि हसायची. ते खरं होतं, जिलियन. त्या वेळी तिचा कान दुखत असेल, पण ते खरं होतं."

जिलियननं मान हलवली. रस्ता पुसट दिसायला लागला म्हणून तिनं गाडी बाजूला घेतली.

घरी आल्यावर नॉर्मननं नगरपालिकेत फोन केला. तिथली बाई फार सौजन्यानं बोलली. पट्टी बदलता येते म्हणाली, खर्च आपला, मजकूर काय हवा?

"लिहा," नॉर्मन म्हणाला. "एनिड एकरॉइड. तिला ही जागा आवडत नव्हती."

"मिस्टर एकरॉइड, साधारणपणे लोक आवडायची असंच लिहितात."

"तेच तर."

"बरं. एवढंच का?"

एवढंच नव्हतं, हे नॉर्मनला कळत होतं. एवढंच लिहिलं तर ते खरं असूनही पुरं नव्हतं, आणि पोरीच्या काळजाला ते लागणार होतं. पण पुढची ओळ त्याच्याकडे नव्हती. नंतर सांगतो म्हणून त्यानं फोन ठेवला, आणि जिलियनला लावला. "मी एवढी ओळ सांगितलीय," तो म्हणाला. "तुला चालत नसेल तर नाही म्हण. स्पष्ट म्हण. भीड नको. भिडेनं माझी चाळीस वर्षं खाल्ली."

जिलियन म्हणाली, बघते, आणि फोन बंद झाला. मग आठवडे गेले. नॉर्मननं तिला पुन्हा विचारलं नाही. रविवारी तो पुलावर जाऊन उभा राहायचा, बोटी वर चढताना बघायचा, आणि घड्याळ घरी ठेवून जायचा.

पानगळ सरत आली तेव्हा एका संध्याकाळी तिचा फोन आला. कसे आहात नाही, काय जेवलात नाही.

"डॅड, दुसरी ओळ लिहून घ्या," ती म्हणाली, आणि सांगितली.

नॉर्मननं ऐकली. ती त्यानं कागदावर लिहून घेतली, मग पुन्हा वाचली. पलीकडं जिलियन विचारत राहिली, "डॅड? बरोबर आहे ना? खरं सांगा हं, मला बरं वाटावं म्हणून नको."

"बरोबर आहे," तो म्हणाला. "खरं सांगतो."

वसंतात पट्टी तयार झाली. ती आपल्या हातानं बसवू द्यावी असं नॉर्मननं नगरपालिकेला विचारलं होतं, आणि त्यांनी हो म्हटलं होतं. बापलेक सकाळी निघून फाइलीला गेली, राहायला नाही, फक्त तेवढ्या कामाला. मार्जरीला ऑपरेशन झालेल्या गुडघ्यामुळं येता आलं नाही, पण बोटीच्या वेळेला मी येणार म्हणजे येणार असं तिनं बजावलं होतं. ऑगस्टसाठी जिलियननं कालव्यावरची बोट ठरवली होती. ठरवायच्या आधी तिनं वडलांना विचारलं, आणि त्यांनी हो म्हटल्यावर पुन्हा विचारलं, आणि तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा नॉर्मन वैतागून म्हणाला, "अगं बाई, हवंय मला. इंजिन कुठल्या बांधणीचं आहे ते विचार त्यांना."

कड्यावर नेहमीचाच वारा होता. नॉर्मननं जुनी पट्टी काढून खिशात घातली, नवी लावली, एकेक स्क्रू हातानं घट्ट केला आणि बाहीनं पितळ पुसलं. जिलियन शेजारी उभी होती.

"ओहोटी आहे," ती म्हणाली. "मी जरा खडकांवर जाऊन येऊ? तुम्ही याल?"

"नाही," नॉर्मन म्हणाला. "मला नाही आवडत. तू जा. सावकाश ये."

ती हसली आणि उताराच्या वाटेनं खाली गेली. नॉर्मन बाकावर बसला. कुत्रा फिरवणारं एक जोडपं आलं, पट्टी वाचून दोघंही हसली. मग बाईनं पुन्हा वाचली आणि नवऱ्याचा हात धरला, आणि दोघं काही न बोलता पुढं गेली. पट्टीवर लिहिलं होतं:

एनिड एकरॉइड. तिला ही जागा आवडत नव्हती. आम्ही आवडत होतो.

खाली खडकांत जिलियन वाकून डबक्यात काहीतरी बघत होती. नॉर्मन बघत राहिला, तिच्या तोंडाकडे. ती वर येईपर्यंत तो तसाच बसून होता. वारा कानात शिरत होता, आणि थोड्या वेळानं आत खरंच ठणकायला लागलं. मुलगी उतार चढून जवळ आली तेव्हा त्यानं बाकाच्या पाठीवर हात ठेवला आणि जे पहिल्याच संध्याकाळी म्हणायला हवं होतं ते मोठ्यानं म्हणाला.

"एनिड, वारा फार आहे गं इथं. चल, घरी जाऊ."